लाभाचं पोतं

शिवाजीनगर स्टँडवर जुन्नरची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची बॅग होती, दुसऱ्या हातात अवजारांची पेटी आणि डोक्यात नुसता राग. आमच्या यंत्रावर चोरीचा आळ आला होता. घोडेगावच्या एका हिरड्याच्या गोदामातून फोन आला होता, "तुमचं मशीन दर गाडीमागे एक पोतं खातंय. येऊन बघा, नाहीतर उचलून न्या."

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी भोसरीच्या एका लहानशा कंपनीत होतो. माल उचलायची, सरकवायची आणि मोजायची यंत्रं आम्ही बनवत असू. सरकते पट्टे, लोखंडी रुळांचे मार्ग, ढकलगाड्या. तोवर असली यंत्रं मोठ्या कारखान्यांतच दिसायची, पण आता तालुक्याच्या गावातले व्यापारीही चौकशी करायला लागले होते. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी पाहिलेलं असायचं, की कुणी पाठ न वाकवता माल इकडून तिकडे जातो, आणि घरी आल्यावर त्यांना झोप लागत नसे. आमचं बरं चाललं होतं. निघताना साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "यंत्र बरोबर आहे हे सिद्ध करूनच परत ये. त्या शेठची अजून दोन गोदामं व्हायचीत." मी म्हटलं, "सर, यंत्र बरोबरच आहे. मी बसवलंय." असा मी. तापट, आणि स्वतःवर भलताच खूश. आज हे लिहितानाही त्या वाक्याची लाज वाटते.

गाडीत कंडक्टरनं माझी पेटी पायानं हलवून पाहिली. "काय हाय हिच्यात?"

"पाने, पकडी, वायरी."

"लई जड हाय राव. लगेज फाडावं लागंल."

"फाडा की. पण मग तिला बसायला सीट द्या."

आजूबाजूची माणसं हसली, तोही हसला आणि लगेज काही फाडलं नाही. राजगुरुनगर गेलं, मंचरला चहा झाला, नारायणगावला गाडी वळली आणि थोड्या वेळानं शिवनेरी दिसायला लागला. थंडी सरत आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव होते आणि मधूनमधून कांद्याचे हिरवे वाफे. मला त्या वेळी हे सगळं फार छान वाटलं.

जुन्नरला माझं एक सोपं काम होतं. गावाबाहेर एका बागायतदारानं द्राक्षं भरायची शेड बांधली होती आणि तिथं आमचा रुळांचा मार्ग बसवला होता. कडेला पोरी उभ्या राहून घड निवडत होत्या आणि भरलेली खोकी हाताच्या एका धक्क्यानं थंड खोलीच्या दारापर्यंत घरंगळत जात होती. दोन रूळ अडकत होते, ते मी अर्ध्या तासात मोकळे केले. बागायतदार खूश होऊन म्हणाला, "ह्या रुळांनी पोरींची कंबर वाचवली बगा. आधी सांच्याला सरळ उभं राहता येत नसायचं त्यांना." रात्री त्यानं मला मासवडीचं (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी, मासा नावालाही नसतो) जेवण घातलं. रस्सा इतका झणझणीत, की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आपण करतो ते काम चांगलं आहे, असं समजून मी झोपलो.

सकाळच्या गाडीनं घोडेगावला आलो. तालुक्याचं गाव. तहसील कचेरीपुढे अर्ज लिहून देणारे बसलेले, पंचायत समितीच्या दारात टोप्या आणि पिशव्या, आणि स्टँडवर डोंगरातल्या गाड्यांची वाट पाहणारी माणसं; गाडी कधी येईल हे ती कुणालाच विचारत नाहीत. गोदाम स्टँडपासून जवळच होतं. हिरड्याला एक कोरडा, तुरट वास असतो. गोदामात शिरण्याआधीच तो घशात उतरतो आणि मग दिवसभर पाण्याचीही चव बदलते.

गोदामाचे मालक अशोकशेठ माझ्याच वयाचे. पणजोबा राजस्थानातून आलेले, पण घरात, दुकानात सगळे मराठीच बोलायचे. ते स्वतः लहानपणापासून पुण्याला मामाकडे शिकायला होते. वडील, म्हणजे गावाचे मोठे शेठ, वर्षापूर्वी वारले, आणि हे पुण्याहून येऊन गादीवर बसले. आल्याआल्या त्यांनी आमचा पट्टा घेतला होता.

गोदामाची व्यवस्था सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. डोंगरातल्या गावांतून हिरड्याची पोती भरून ट्रक यायचा आणि मोठ्या दारापुढे उभा राहायचा. सोबत किती पोती चढवली त्याची चिठ्ठी असायची. पूर्वी हमाल पाठीवरून पोती आत नेत. आता ट्रकमधून पोतं पट्ट्यावर टाकलं, की ते मोठ्या दारातून आपोआप आत जायचं, आणि आतले हमाल ते उचलून थप्पीला (एकावर एक रचलेल्या पोत्यांना) लावायचे. दाराच्या आत एक उजेडाचा किरण सोडलेला होता. पोत्यानं किरण अडवला, की भिंतीवरच्या पेटीत लाल आकडा एकानं वाढायचा. हमाल त्याला डोळा म्हणत. ट्रकपाशी मुकादम उभा राहून तोंडानं मोजायचा. चिठ्ठी आणि मुकादम यांचा मेळ कायम बसायचा. डोळा मात्र दर गाडीला एक पोतं कमी दाखवायचा. शेठनी एकदा नुकतीच लावलेली थप्पी मोजून घेतली होती. तीही एकानं कमी भरली.

मुकादमाचं नाव चिंधूबाबा. वर डोंगरातल्या आहुप्याचा, तिथल्या लोकांचा माल त्याच्याच हवाली असायचा. साठीच्या आसपास, उंचीनं कमी, मानेवर पोत्यांनी पडलेला घट्टा, खांद्याला लोखंडी हूक. मला बघून म्हणाला, "या पावणं. तुमच्या डोळ्याला बरं न्हाई म्हनं?"

"डोळा ठणठणीत आहे बाबा. तुमच्यात कुणाला तरी बरं नाही."

तो हसला. मी हिरड्याच्या धुळीनं खोकत होतो, तर त्यानं पोत्यातून एक फळ काढून दगडावर फोडलं आणि तुकडा माझ्या हातावर ठेवला. "गालात धरा. चावू नका. घसा मोकळा व्हतो." खरंच खोकला थांबला.

दहाच्या सुमाराला ट्रक लागला. चिठ्ठीवर साठ पोती. मी आत डोळ्यापाशी कागद-पेन्सिल घेऊन उभा राहिलो. पट्टा सुरू झाला आणि पहिलं पोतं आत आलं. लाल आकडा एक. बाहेरून चिंधूबाबाचा लांबवलेला आवाज आला, "दोऽऽन." मला वाटलं मोटारीच्या आवाजात चुकीचं ऐकलं. दुसरं पोतं आलं. "तीऽऽन." माझ्या अंगात वीजच संचारली. शेवटचं पोतं आलं तेव्हा डोळ्यानं एकोणसाठ दाखवली आणि बाहेरून आवाज आला, "साऽऽठ." मी पेन्सिल फेकून बाहेर धावलो.

"शेठ! इकडे या! सापडला दोष. हा माणूस दोनपासून मोजतोय!"

हमालांचे हात थांबले. स्टँडकडे निघालेली चार माणसं उभी राहिली. अशोकशेठ गादीवरून उठून आले. मी चिंधूबाबाला म्हणालो, "बाबा, सगळ्यांसमोर सांगा. पहिल्या पोत्याला तुम्ही काय म्हणता?"

"लाभ," तो म्हणाला.

"काय?"

"पयलं लाभाचं, सायेब. मंग दोन."

"लाभाचं!" मी शेठकडे वळलो. "ऐकलंत? दर गाडीतलं पहिलं पोतं लाभाचं. कुणाच्या लाभाचं, ते मी सांगायला हवं का?"

शेठचा चेहरा लाल झाला. "चिंधूबाबा, किती वर्षं चाललंय हे?"

"पयल्यापासनं," चिंधूबाबा सरळपणे म्हणाला. "तुमच्या आज्ज्याच्या टायमापासनं."

"आणि माझ्या वडिलांना माहीत होतं?"

"त्येंच्याच पुढ्यात व्हायचं की समदं."

"बस्स!" शेठ ओरडले. "गेलेल्या माणसाचं नाव मध्ये आणू नका. स्वतः चोरी करायची आणि वर माझ्या बापाला साक्षीला बोलवायचं!"

चोरी हा शब्द ऐकल्यावर चिंधूबाबाला कळलं, की आपल्याला काय विचारलं जात होतं. तोवर त्याला वाटत होतं, पाहुणा रीत समजून घेतोय. त्यानं शेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खांद्याचा हूक काढला, पाठीवर घ्यायची गोणपाटाची घडी काढली, दोन्ही पट्ट्यावर ठेवलं आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. हमालांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. मी विजयी मुद्रेनं पट्टा पुन्हा चालू केला. त्याची घडी आणि हूक आत सरकत गेले, डोळ्यानं तेही पोतं समजून मोजलं आणि लाल आकडा साठ झाला. मी हसलो. मी हसलो हे मला लपवायचं नाही.

दुपारी अशोकशेठनी मला घरी जेवायला नेलं. गरम फुलके, मुगाची डाळ, गट्ट्याची भाजी. त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. "लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा त्यानं मला खांद्यावर घेऊन डिंभ्याची जत्रा दाखवली होती," ते म्हणाले. मी म्हणालो, "असलीच माणसं आत शिरलेली असतात, शेठ." आणि वरून दही मागून घेतलं. दुसऱ्या दोन गोदामांचं तेव्हाच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी पुन्हा एक ट्रक लागला. आता मेळ बसलेला शेठना दाखवावा आणि गाडी पकडावी, असा माझा बेत होता. मुकादम म्हणून दुसरा हमाल उभा होता. चिठ्ठीवर पन्नास पोती होती. डोळ्यानं दाखवली एकोणपन्नास.

चोर तर गेला होता! मी पट्टा बंद करून बाहेर आलो, ट्रकखाली वाकून पाहिलं, पट्ट्याखाली पाहिलं. हमाल माझ्याकडे बघत उभे होते. शेवटी मी गोदामाला वळसा घातला. मागं एका बाजूला लहान दार होतं. आत बायका ओळीनं बसून हिरडा निवडत होत्या आणि त्यांच्या मधोमध एक पोतं नुकतंच ओतलेलं होतं.

"हे पोतं कुठून आलं?" मी विचारलं.

ठकाबाई नावाची म्हातारी मान वर न करता म्हणाली, "गाडीतनं."

"पट्ट्यावरून?"

"आवं सायेब, लाभाचं पोतं पट्ट्यावर कसं जाईल? ते मुकादमानं पाठीवर आणायचं नि हितं वतायचं. तोंडानं एक म्हनायचं न्हाई. लाभ म्हनायचं. मंग दोन, तीन. धान मापताना तुमच्यात काय म्हंत्यात?"

आमच्यात! आमच्यात धान्य दुकानातून किलोवर यायचं. माझ्या आजीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, पण ती कधीच गेली होती. मी तिथंच एका रिकाम्या पोत्यावर बसलो. ठकाबाईनं मग सगळं सांगितलं. एक म्हटलं तर माल एकावरच थांबतो, लाभ म्हटलं तर वाढतो, म्हणून मापाची सुरुवात त्या शब्दानं. आणि ते पहिलं पोतं सगळ्यांसमोर ओतायचं, म्हणजे माल वाळलेला आहे, आत दगडमाती नाही, हे दिसावं. आधी चिंधूबाबा ते मोठ्या दारातून, मोठ्या शेठच्या गादीपुढून न्यायचा. आमच्या पट्ट्यानं मोठं दार अडवलं, म्हणून तो बाजूच्या दारानं यायला लागला होता.

"मग काल तुम्ही कुणी बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला.

"आमाला कुनी इचारलं?" ठकाबाई म्हणाली. "शेठ नि सायेब बोलत्यात, मधी हमालानं तोंड घालायचं व्हय? आमाला वाटलं, शेठला म्हाईतच आसंल. त्येंच्याच घरची रीत."

मी अशोकशेठना जाऊन सांगितलं. ते हातातला रुमाल पिळत बसले. "मी कोणत्या तोंडानं जाऊ हो?" ते म्हणाले. "तुम्ही जा. त्याला म्हणावं, शेठनी बोलावलंय. काही मनात ठेवू नको." खरं तर त्यांनी यायला हवं होतं. पण त्यांना तसं सांगायचा मला कुठला अधिकार होता? मी कोऱ्या कागदांची वही पिशवीत टाकली आणि निघालो.

डिंभ्यापर्यंत गाडी मिळाली. पुढची आहुप्याची गाडी कधी, असं विचारल्यावर टपरीवाला म्हणाला, "आली म्हंजी आली." धरणाचं पाणी दूरवर पसरलं होतं. काठावर दोघं जण मासे जाळ्यातून सोडवत होते आणि एक बाई ते टोपलीत भरत होती. तासभर बसल्यावर वर निघालेली एक जीप मिळाली. पाण्याच्या कडेकडेनं रस्ता, मग चढ, आणि चढावर दोन्ही बाजूंना हिरड्याची झाडं. ड्रायव्हरनं विचारलं, "कुनाकडं?"

"चिंधूबाबाकडे."

"पोती खानारा चिंधू व्हय?" तो म्हणाला. "काल मुक्कामाच्या गाडीनं बातमी आली वर." माझ्या तोंडून निघालेली गोष्ट माझ्या आधी डोंगर चढून गेली होती.

आहुपे म्हणजे सह्याद्रीचा कडाच. गावाच्या अंगाला देवराई (देवाच्या नावानं राखलेलं रान, तिथली काडीसुद्धा कुणी घरी नेत नाही) आणि तिच्यापलीकडे जमीन एकदम संपते, खाली कोकण. उन्हातून आलो होतो, तरी त्या झाडांखालचा गारवा अंगाला बोचला. एरवी मी तिथं तासभर रमलो असतो.

चिंधूबाबा अंगणात सरपणाची फाटी रचत होता. मला पाहून त्यानं घोंगडं टाकलं, बायकोला पाणी आणायला सांगितलं. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच म्हणालो, "बाबा, माझी चूक झाली. लाभ म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. ठकाबाईनं सांगितलं. शेठनाही सांगितलंय. त्यांनी तुम्हाला बोलावलंय."

त्यानं एक फाटं रचलं, दुसरं घेतलं. मग म्हणाला, "सायेब, तुमाला वाटलं मी शेठची पोती खाल्ली. शेठच्या दारात जाईस्तवर ती शेठची नसत्यात वं. ती हितल्या लोकांची. बाया रान धुंडून हिरडा येचत्यात, वाळवत्यात नि माज्या हवाली करत्यात. कुनाची किती, मला तोंडपाठ. काल बातमी आली, चिंधू दर गाडीला एक खातो. मंग मी कुनाचं खाल्लं?" त्यानं शेजारच्या घराकडे हात केला. "हिचं. त्या पल्याडच्या रांडमुंड बाईचं. माज्या भावाचं. सकाळधरनं हितं कुनी आलं न्हाई. रोज तंबाकूला येनारा भाऊ बी न्हाई."

तेव्हा मला समजलं, मी काय करून ठेवलं होतं. मी म्हणालो, "मी काय करू, सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो."

"चारचौघांत म्हनला व्हता," तो म्हणाला. "चारचौघांत सांगा. नि कागदावर लिहा. तुमच्या कंपनीचा शिक्का मारून. तोंडचं वाऱ्यावर जातं."

शिक्का माझ्या पिशवीत असायचाच. मी त्याच्या ओट्यावर बसून लिहिलं, की चिंधूबाबाची मोजणी पहिल्यापासून बरोबर होती, एकही पोतं कमी नव्हतं, आणि यंत्र लावणाऱ्या माणसाला इथली रीत ठाऊक नसल्यामुळे त्यानं खोटा आळ घेतला. चूक सर्वस्वी माझी. नाव घातलं, सही केली, शिक्का मारला. त्यानं स्वतः घरोघर जाऊन माणसं बोलावली. देवळापुढं वीसेक जण जमले, बाया मागं उभ्या राहिल्या. मी कागद वाचला. वाचताना दोनदा ओळ चुकली.

वाचून झाल्यावर एका म्हातारीनं विचारलं, "म्हंजी चिंधूनं खाल्लं न्हाई?"

"नाही आजी."

"मंग कुनी खाल्लं?"

"कुणीच नाही. मला मोजता आलं नाही."

"आन् येवढं शिकून?" ती म्हणाली. कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं चिंधूबाबाचा भाऊ पुढं आला, त्याच्या शेजारी बसला आणि कनवटीची तंबाखूची पिशवी काढून त्याच्यापुढं धरली. चिंधूबाबानं चिमूट घेतली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही.

आम्ही घरी आलो. नाचणीची भाकरी, लसणीची चटणी आणि कोरा चहा. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं. जेवून मी म्हणालो, "चला बाबा, जीप खाली जायच्या आत निघू. शेठ वाट बघतायत."

त्यानं कागदाची लहान घडी केली आणि मुंडाशात खोवली. "आता मला खाली येता येतंय," तो म्हणाला. "मघापतुर येता येत नव्हतं. येवढं तुमी केलं. पर मी येनार न्हाई."

"का? सगळ्यांना कळलं की आता."

"शेठचा बाप आसता तर त्यानं मला बाजूला घिऊन इचारलं आसतं, चिंधू, काय रं ही भानगड? ह्यांनी लाल आकड्याला इचारलं. बरं, ते बी जाऊ द्या. ल्हान हाय त्यो." त्यानं मुंडासं सारखं केलं. "गाडी लागली का पयल्या पोत्याला हात लावून मी लाभ म्हनायचो. देवाचं नाव घेतल्यागत वाटायचं. आता म्हनाया गेलो तर चोर ऐकू यील. त्यो शब्द न्हाई निघायचा माज्या तोंडातनं. नि त्यो म्हनल्याबिगर मोजायचं कसं?"

त्याच्या बायकोनं वाटेसाठी दोन भाकरी बांधून दिल्या. जीपपर्यंत तो सोडायला आला आणि माझी पिशवी त्यानंच उचलली. मी घेऊ लागलो तर म्हणाला, "आसू द्या. सवय हाय." पाण्याच्या कडेनं परत येताना मी कुठंच पाहिलं नाही.

घोडेगावला अशोकशेठना सांगितलं, तो येणार नाही. त्यांनी विचारलं, "मी जाऊन माफी मागितली तर?" मी म्हटलं, "मला माहीत नाही, शेठ. पण जा." ते गेले की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. मी नंतर विचारलंही नाही.

भोसरीला परतल्यावर मी अहवाल लिहिला. आहुप्यात लिहिलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. साहेबांनी तो वाचला आणि चष्मा काढला. "चूक माझी? हे काय कीर्तन लिहिलंयस? उद्या हा कागद कुणी दाखवला तर आपलं यंत्र कोण घेईल?" त्यांनी दुसरा टाइप करून घेतला. यंत्र निर्दोष आहे. ग्राहकाच्या मुकादमाच्या मोजण्याच्या पद्धतीमुळे फरक दिसत होता. सदर मुकादम आता कामावर नसून तक्रार उरलेली नाही. "सही कर," ते म्हणाले. "दोन गोदामांचं काम यावर अडकलंय."

मी म्हणालो, "सर, हे खरं नाही."

"यात खोटा शब्द कुठला, ते दाखव."

तसा खोटा असा एकही शब्द मला दाखवता आला नाही. मी सही केली. ती दोन्ही गोदामं आम्हाला मिळाली आणि त्यांतले पट्टे मीच बसवले. पुढं नोकऱ्या बदलल्या. नवं शतक लागलं. आता मी बसवतो त्या गोदामांत पोत्यावर काळ्या रेघांची, बारकोडची चिठ्ठी असते, यंत्र ती वाचतं, आणि तोंडानं मोजणारं कुणी उरलेलं नाही. कामासाठी सगळा मुलूख फिरलो, जुन्नरलाही अनेकदा गेलो, पण डिंभ्याच्या पुढं गेलो नाही. कंपनीच्या कपाटात एक कागद आहे आणि आहुप्यात दुसरा, दोन्हींखाली सही माझीच. चिंधूबाबाला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं तेच माझं शेवटचं म्हणणं आहे, असं समजून त्यानं तो जपून ठेवला असेल.